दप्तरं नकोत, प्रश्न द्या : शाळा आणि कारखान्यांनी मिळून करायचे प्रकल्प

टूलरूमवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी वाळूजला प्रेस टूल (पत्रा कापायचे पंच आणि डाय, म्हणजे साचे) डिझाइन करतो. दर जूनमध्ये आमच्याकडच्या कंपन्यांच्या गाड्या जिल्हा परिषदेच्या शाळांपुढे येऊन थांबतात. दप्तरं, वह्या, पाण्याची टाकी, कधी चार संगणक. सत्कार होतो, फोटो निघतो, गाडी परत जाते. या वस्तू निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. जिथं प्यायला पाणी नाही तिथं आधी टाकीच पाहिजे. पण कंपनीकडं जे खरं धन असतं ते त्या गाडीतून कधी उतरत नाही. पंधरा-वीस वर्षं एकाच कामात मुरलेला डायमेकर, मोजमापाची शिस्त, आणि रोज सकाळच्या मीटिंगला सगळ्यांना छळणारे, अजून न सुटलेले प्रश्न.

माझं मागणं एवढंच आहे. कंपनीनं शाळेला एक खरा प्रश्न द्यावा, तो प्रश्न ज्याच्या अंगावर येतो असा एक माणूस द्यावा, आणि शाळेनं त्यासाठी वेळापत्रकात तास द्यावेत. पैशाचं नंतर बघू.

गेल्या वर्षी गंगापूर तालुक्यातल्या एका प्रशालेत नववीच्या मुलांबरोबर असा एक प्रकल्प झाला. कारखाना लहान. पत्र्याच्या पट्टीतून गोल चकत्या कापायच्या, चकत्या पुढच्या कामाला जातात आणि उरलेली जाळी भंगारात. पत्रा घ्यायचा भाव आणि भंगार विकायचा भाव यांत मोठी तफावत असते, म्हणून मालकाचा प्रश्न साधा होता : चकत्या कशा मांडल्या तर भंगार कमी निघेल?

पहिल्या दिवशी एका मुलीनं घरून एकाच मापाच्या काचेच्या बांगड्या आणल्या. कार्डशीटवर बांगड्या ओळीनं मांडल्या, भोवती चौरस आखले. एका चौरसात एक वर्तुळ, म्हणजे ७८.५ टक्के पत्रा कामी आला, बाकी वाया. मग कुणीतरी दुसरी ओळ पहिलीच्या खाचेत सरकवली. तीन बांगड्यांचे मध्य जोडले की समभुज त्रिकोण होतो. त्याची उंची काढायला पायथागोरस लागतो, हे मी फळ्यावर लिहायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं. दोन तिरक्या ओळींना पट्टीची रुंदी व्यासाच्या दुप्पट न लागता १.८६६ पट लागते, आणि वापर ८४ टक्क्यांवर जातो.

वर्ग खूश. मग कारखान्यातले डायमेकर काका उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "दोन चकत्या एकमेकींना चिकटल्या तर पंच पत्रा कापंल का फाडंल?" सोबत आणलेली खरी जाळी त्यांनी मुलांच्या हातात दिली. दोन भोकांच्या मध्ये पत्र्याची एक बारीक पट्टी राखलेली असते, तिला आम्ही ब्रिज म्हणतो. ती साधारण पत्र्याच्या जाडीइतकी तरी लागतेच. प्रयोगशाळेतला व्हर्निअर कपाटातून बाहेर निघाला. मुलांनी जाळी मोजली आणि सगळा हिशोब नव्यानं मांडला. ५० मिलिमीटरची चकती, २ मिलिमीटरचा पत्रा, चहूकडं २ मिलिमीटर राखायचे. एकेरी ओळीत वापर ७० टक्के, दोन तिरक्या ओळींत ७६. पोलादाची घनता घेऊन वजन काढलं तर हजार चकत्यांमागं साडेतीन किलोहून थोडा जास्त पत्रा वाचतो.

मालक म्हणाले, दोन पंचांची डाय करायची तर खर्च आहे. त्यावर एका मुलानं विचारलं, "डाय तीच ठेवली आन् पट्टी उलटी फिरवून परत घातली तर?" काका माझ्याकडं बघायला लागले. प्रेसशॉपमध्ये हे खरंच करतात. त्यात ऑपरेटरचा वेळ जास्त जातो, म्हणून तो माल किती लागतो यावर ठरतं. मुलांनी मग वेळेचे आकडे मागितले. मालकांनी दिले. जे त्या कारखान्यात वर्षानुवर्षं ठरून गेलं होतं त्यावर पुन्हा बोलणं सुरू झालं.

विज्ञान प्रदर्शनासाठी स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणणं आणि हे, दोन्हीला आपण प्रकल्पच म्हणतो. फरक कुठं आहे ते तुम्हाला वरच्या गोष्टीत दिसलंच असेल. उत्तर कुणालाच पूर्ण माहीत नव्हतं, पहिलं उत्तर मोडून परत करावं लागलं, आणि ज्याला उत्तराची गरज होती तोच माणूस ऐकायला समोर बसला होता.

तुमच्या जिल्ह्यात असं काही झालंय का? होण्याजोगं काय आहे? अडचणी कोणत्या? मोकळेपणानं लिहा.

---

प्रशालेतला मास्तर (परभणी)

धागा आवडला. बांगड्यांचा भाग मी उद्याच माझ्या वर्गात करणार आहे.

आता शाळेच्या बाजूनं. तास द्या म्हणणं सोपं आहे. मतदार यादीचं काम, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, या सगळ्यातून जो उरतो तो शिकवायचा वेळ. त्यातून प्रकल्पाला वेळ काढायचा तर तो आहे त्याच चौकटीत सापडला पाहिजे, नाहीतर पहिल्या घटक चाचणीला सगळं गुंडाळलं जातं.

मला तीन जागा दिसतात. नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहे, त्यात प्रकल्प करायचाच असतो. आज तो बहुतेक ठिकाणी कात्रणं चिकटवून होतो. दुसरं, पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहे. तिसरं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा कारागिरांकडं शिकायला पाठवा असं लिहिलंय. कारागिराच्या शेजारी कारखान्यातला डायमेकर बसायला काहीच हरकत नाही.

पण कंपन्यांकडून एक खात्री हवी. आमच्याकडं एकदा एक साहेब आले, फार उत्साही. दोन भेटी झाल्या आणि त्यांची बदली झाली. नंतरच्या साहेबांना त्या प्रकल्पाचं काही देणंघेणं नव्हतं. लेकरं शनिवारी विचारायची, "सर, ते कधी येणार?" त्याचं उत्तर मलाच द्यावं लागायचं. म्हणून माझी अट : एक पानभर का होईना, लिहून घ्यायचं. प्रश्न कोणता, येणार कोण, तो नसला तर कोण, शेवटी ऐकायला कोण बसणार. ते पान शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवायचं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यायची. मग मुख्याध्यापक बदलले तरी काम चालू राहतं.

---

बालाघाट (बीड)

माफ करा, पण मला यात एक धोका दिसायलाय, तो बोलून टाकतो.

गरिबाच्या लेकराला कारखान्याची वाट लवकर दाखवायची आणि त्याला अनुभव म्हणायचं, हे आम्ही बघितलंय. शहरात मोठ्या फीच्या शाळेत रोबोटिक्स चालतंय आणि जिल्हा परिषदेच्या लेकरांना तुम्ही पत्र्याचं भंगार मोजायला लावायलाव. एकजण उद्या मशीन बनवणार, दुसरा ते चालवणार, हे आठवी-नववीतच ठरवून टाकायचं का? कंपनीला स्वस्तात हेल्पर पाहिजेत, त्यांच्यासाठी ही रोपवाटिका होऊ नये.

दुसरं. आमच्याकडं धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली कितीतरी लेकरं दसरा-दिवाळी झाली की मायबापाबरोबर ऊसतोडीला जातात. पाडव्याच्या आसपास परततात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी नाही. तुमचा प्रकल्प ऑगस्टात सुरू होऊन जानेवारीत संपणार असला तर ज्याला सगळ्यात जास्त गरज तेच लेकरू त्यात नसणार. फोटोत मात्र "संपूर्ण वर्ग" येणार.

---

टूलरूमवाला

@बालाघाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. हा धोका खरा आहे आणि तो टाळण्याच्या अटी आधीच ठरवल्या नाहीत तर हे काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांनी विकायचा माल बनवायचा नाही. एक नगसुद्धा नाही. त्यांच्या हातून निघेल ते मोजमाप, आकृती, अहवाल, नमुना आणि प्रश्न. कायदाही इथं स्पष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ मधल्यांना धोकादायक कामात लावता येत नाही. आम्ही त्याहून पुढं जाऊन प्रेस चालू असताना मुलांना शेडमध्ये नेलंच नाही. सुटा भाग, जाळी, जुनी डाय शाळेत आणली. कारखाना बघायला नेलं ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद ठेवून, शिक्षक सोबत.

रोबोटिक्सबद्दल. भंगार कमी करण्याचा प्रश्न हा कामगाराचा प्रश्न नाही, डिझाइनरचा आहे. मी पगार त्याच्यासाठीच घेतो. त्या मुलांनी त्या दिवशी माझं काम केलं, हेल्परचं नाही. पण तुमचं खरं आहे की हा फरक बाहेरून दिसत नाही, आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला तर अजिबात नाही. म्हणून प्रश्न निवडताना बघायचं : यात मुलाला विचार करून काही ठरवायचं आहे, की फक्त सांगितलेलं करायचं आहे? दुसरं असेल तर प्रश्न परत पाठवायचा.

ऊसतोडीच्या मुलांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. जून ते सप्टेंबर एवढ्यातच संपेल असा प्रकल्प हवा. यावर कुणी सुचवेल का?

---

प्रशालेतला मास्तर (परभणी)

@बालाघाट यांच्या मुद्द्याला एक जुना दाखला आहे. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती नई तालीम. मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च निघावा, या भागावर तेव्हाच टीका झाली की यातून शाळेचा कारखाना होईल. हातानं शिकणं टिकवायचं आणि उत्पादनाचं ओझं काढून टाकायचं, हा धडा तिथूनच घेण्यासारखा आहे. धागाकर्त्यांची "एक नगसुद्धा नाही" ही अट म्हणून मला फार महत्त्वाची वाटते.

---

उगवण (जालना)

मी बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. जालन्यात एका बाजूला लोखंडाच्या रोलिंग मिल आणि दुसऱ्या बाजूला बियाणं उद्योग. रोलिंग मिलमध्ये मुलांना नेऊच नये, तिथली उष्णता आणि लाल सळई बघता तो विषयच नको. बियाण्याचा मात्र जरूर विचार व्हावा, आणि @बालाघाट यांच्या वेळापत्रकातही तो बसतो.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढ्या तक्रारी झाल्या ते सगळ्यांना आठवत असेल. सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या अगदी खाली. मळणीच्या वेळी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोत्यांची थप्पी उंच लावली, पोती आपटली, की बी वरून ठणठणीत दिसतं आणि आत जिवंत नसतं. बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. घरचं बी पेरणाऱ्यानं ती घरी तपासावी असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पण तपासतात थोडे.

ही चाचणी शाळेत सहज होते. ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर बिया, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आठवड्यानं उघडून धड अंकुर मोजायचे. मोडका, वाकडा, बुरशी धरलेला अंकुर धरायचा नाही. कोणता धरायचा आणि कोणता नाही, यावर मुलांचं भांडण लागतं. ते लागू द्यावं, आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसांचंही यावरच लागतं.

पण नुसती चाचणी म्हणजे प्रयोग झाला. प्रकल्प व्हायला प्रश्न पाहिजे, आणि तो आमच्यासारख्यांनी किंवा गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं द्यायचा : "तुमच्या गावात उगवण नेमकी कशानं मार खाते?" प्रत्येक मुलानं घरचा नमुना आणायचा, सोबत माहिती : मळणी कोणत्या यंत्रानं, बी पोत्यात ठेवलं की कोठीत, थप्पी किती उंच. पाडव्यानंतर नमुने घेतले तर ऊसतोडीहून परतलेली मुलंही असतात. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांनी शेजाऱ्याचं बी आणायचं. निकाल पेरणीच्या आधी गावापुढं मांडायचा. तिथं बाप समोर बसलेला असतो आणि मुलगी सांगते की आपल्या बियाण्यात शंभरातले साठच उगवले, बी बदला नाहीतर एकरी जास्त टाका. चुकलं तर बापाचं नुकसान, हे तिला माहीत असतं. म्हणून ती दुसऱ्यांदा चाचणी लावते. दुसऱ्यांदा लावा असं तिला कुणी सांगावं लागत नाही.

---

बालाघाट (बीड)

@उगवण, हे पटलं. पाडव्यानंतर जमतंय. आमच्या केंद्रातल्या शाळेशी बोलतो.

धागाकर्त्यांच्या अटीपण पटल्या, पण त्या कंपनीच्या सहीसकट कागदावर आल्या पाहिजेत. मास्तरांच्या त्या एका पानात त्या टाका.

---

आई नववीची (लातूर)

मी इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते आहे. लातूरमध्ये आठवी-नववीपासून घराघरात एकच घड्याळ चालतं : शाळा, शिकवणी, चाचणी, शिकवणी. लातूर पॅटर्ननं इथल्या सामान्य घरातल्या मुलांना डॉक्टर-इंजिनियर केलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. माझा भाऊ त्यातूनच पुढं गेला. पण म्हणूनच विचारते. माझ्या मुलीचे शनिवार तुम्ही घेणार, तर तिचे मार्क कमी होणार नाहीत याची हमी कोण देणार?

दुसरं मुलींबद्दल. "कंपनीत नेणार" म्हटलं की निम्म्या घरांतून नकार येतो आणि तो समजण्यासारखा आहे. येणारा माणूस कोण आहे, मुलींशी कसा बोलतो, नंबर घेतो का, हे आईला कळलं पाहिजे. आणि कधीतरी त्या कंपनीतली एखादी बाई पाठवा ना. माझ्या मुलीनं आजवर मशीनवर काम करणारी किंवा लॅबमध्ये बसणारी बाई समोर बघितलेली नाही. डॉक्टर बाई आणि शिक्षिका, एवढ्याच तिला माहीत.

---

प्रशालेतला मास्तर (परभणी)

ताई, मार्कांची हमी मी देणार नाही, कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. एवढं सांगतो की भूमिती ज्याच्या हातून गेलेली असते त्याला शाब्दिक उदाहरण बघून घाम फुटत नाही. दहावीच्या वर्षात मात्र मीही हे करणार नाही. आठवी आणि नववी, बस.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल तुमचं म्हणणं शब्दशः मान्य. बाहेरचा माणूस मुलांसोबत एकटा नसावा, शिक्षक वर्गात पूर्ण वेळ असावा, आणि सगळा निरोप शाळेमार्फत जावा. मुलांचे नंबर कुणाला द्यायचे नाहीत. हेही त्या एका पानात.

---

टूलरूमवाला

ताई, आमच्याकडच्या त्या प्रकल्पात शेवटच्या दोन शनिवारी गुणवत्ता तपासणीतल्या एक ताई आल्या होत्या. मायक्रोमीटर कसा धरायचा ते त्यांनी दाखवलं. त्या दिवशी मुलींच्या बाकांवरून जेवढे प्रश्न आले तेवढे त्याआधी एकदाही आले नव्हते. तुमची सूचना मी अट म्हणून घेतो : शक्य तिथं माणूस पाठवताना एक बाई आणि एक पुरुष.

---

चिकलठाणा लघुउद्योग

मी लहान युनिट चालवतो. स्पष्ट लिहितो, कारण इथं सगळेच मनापासून लिहीत आहेत.

सीएसआरचं, म्हणजे नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामाला लावायचं बंधन ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना. आमच्यासारख्यांना ते लागू नाही. म्हणजे आम्हाला कुणी विचारत नाही आणि आम्हीही कुणाला विचारत नाही. पण खरे प्रश्न आमच्याच शेडमध्ये जास्त आहेत. मोठ्या कंपनीत प्रत्येक प्रश्नाला एक विभाग असतो. माझ्याकडं मी असतो.

मला काय मिळणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. नववीचं पोरगं माझ्याकडं कामाला यायला सात-आठ वर्षं, आणि ते यावंच असं काही नाही. पण माझ्याकडं येणारी मुलं याच शाळांतून येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ड्रॉइंग वाचता येत नाही. तीन बाजूंनी काढलेलं चित्र डोक्यात उभं करायला मला सहा महिने शिकवावं लागतं. ते तेराव्या-चौदाव्या वर्षी बटाटा कापून शिकता येतं. बटाट्याचा ठोकळा कापा, वरून, समोरून, बाजूनं चित्र काढा, चित्र मित्राला द्या, त्यानं ते बघून दुसरा बटाटा कापायचा. दोन्ही शेजारी ठेवले की काय चुकलं ते शिक्षकानं सांगावं लागत नाही.

वेळेचं मात्र कठीण आहे. डिलिव्हरी असली की शनिवार हातात नसतो. माझी सूचना : एका कारखान्यानं एक शाळा घेण्यापेक्षा मसिआ किंवा सीएमआयएसारख्या उद्योजकांच्या संघटनेनं चार-पाच युनिट मिळून एक शाळा द्यावी. एकाला जमलं नाही तर दुसरा जाईल. आणि प्रश्नांची एक वही संघटनेकडं ठेवावी, कुणालाही सुचला की त्यात लिहायचा. कोणता प्रश्न घ्यायचा ते शिक्षकांनी निवडावं, उद्योजकांनी नाही.

---

शिल्प निदेशक (नांदेड)

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे.

आयटीआयमध्ये इतकी वर्षं शिकवल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो : हे प्रकल्प बिघडतात ते चांगल्या मनाच्या जाणकारामुळं. फोरमन वर्गात येतो, मुलं अडखळतात, त्याला राहवत नाही आणि पाच मिनिटांत तो उत्तर सांगून टाकतो. झालं, संपला प्रकल्प. मूळ गोष्टीतल्या डायमेकर काकांनी काय केलं ते परत वाचा. जाळी हातात दिली आणि एक प्रश्न विचारून गप्प बसले. हे सगळ्यांना जमत नाही. म्हणून येणाऱ्या माणसाबरोबर शिक्षकानं आधी अर्धा तास बसावं. मुलं कुठं अडतील, तेव्हा तुम्ही काय सांगायचं नाही, हे ठरवून घ्यावं.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ते आधी मोठ्या कंपनीत संशोधक होते. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी राज्य मंडळानं मान्य केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग, आणि कामं गावाला खरोखर लागणारी. मराठवाड्यातल्या शाळांनी ते एकदा जाऊन बघावं, सगळं शून्यातून उभं करायची गरज नाही.

अवांतर : अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे. वीस लाखांपर्यंतचं अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर. काही ठिकाणी उत्तम चालते. काही ठिकाणी प्रिंटर बिघडला की दुरुस्तीला माणूस मिळत नाही आणि खोलीला कुलूप लागतं. @चिकलठाणा लघुउद्योग, तुमच्यासारख्यांनी अशा शाळेत महिन्यातून एक चक्कर मारली तरी ती खोली उघडी राहील.

---

मांजराकाठ (लातूर)

मी डाळ मिलमध्ये हिशोब आणि माल दोन्ही बघतो. धागा वाचून मालकांशी बोललो, ते तयार आहेत. पण आमच्याकडं चकत्या नाहीत आणि बांगड्या नाहीत. प्रश्न कसा काढायचा?

रोजचं दुखणं सांगतो. क्विंटलभर तुरीतून साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ निघते. बाकी टरफल, चुनी (बारीक चुरा), तुकडा. एका शेतकऱ्याच्या मालात डाळ चांगली उतरते, दुसऱ्याच्या मालात तुकडाच जास्त. आमचा अंदाज असा की ओलाव्याचा खेळ आहे, पण हे अंदाजच. आणि दुसरं दुखणं पाण्याचं. तूर ओलवायला पाणी लागतं. २०१६ ला मिरजेहून जलदूत रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हापासून आमच्या मालकांना पाण्याच्या प्रत्येक बादलीचा हिशोब हवा असतो. कोणता प्रश्न द्यावा, आणि कोणत्या इयत्तेला?

---

आई नववीची (लातूर)

मी काल इतके आक्षेप घेतले आणि आज मीच लिहिते आहे. पहिला प्रश्न द्या. तुरीची डाळ घरी करायची रीत माझ्या सासूबाईंना माहीत आहे. तूर किती भिजवायची, किती ऊन द्यायचं, जातं किती ढिलं ठेवायचं, हे त्या हातानं ओळखतात, आकड्यात कधी कुणी मांडलं नाही. मुलांनी ते आकड्यात मांडावं.

---

शिल्प निदेशक (नांदेड)

प्रश्न तयार झाला की. "तुरीला पाणी आणि ऊन किती दिलं तर तुकडा कमीत कमी पडतो?" आठवीला द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : आधी भिजवण्याचा वेळ, बाकी सगळं तेच. मग उन्हाचे तास. प्रत्येक वेळी डाळ, तुकडा, चुनी, टरफल वेगळं तोलायचं, आणि चारींची बेरीज मूळ वजनाशी जुळते का ते बघायचं. जुळणार नाही. का जुळत नाही, हे शोधताना मुलं ओलाव्यापर्यंत आपोआप पोचतील. तुम्ही सांगू नका.

पाण्याचा प्रश्न नववीच्या जलसुरक्षेसाठी राखून ठेवा.

---

मांजराकाठ (लातूर)

ठरलं. मालक आणि मी, आणि आमच्या प्रतवारी विभागातल्या एक ताई, तिघं येऊ. मास्तरांचं ते एक पान लिहून मालकांची सही घेतो. वजनकाटा मी आणतो, शाळेतला ग्रॅमला बरोबर दाखवत असेल याची खात्री नाही. @आई नववीची, शाळेचं नाव इथं नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी सकाळची शाळा किती वाजता भरते? आणि मुलांनी घरून तूर किती आणावी, अर्धा किलो पुरेल का?

---

आई नववीची (लातूर)

व्यनि केला आहे. शाळा साडेसातला भरते, पण आठवीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या पहिला तास परिपाठात जातो, साडेआठला या. अर्धा किलो पुष्कळ झाली, ज्यांच्या घरी नसेल त्यांची मी बघते. वर्गात नऊ घरी जातं आहे, त्यातली चार चालू आहेत. सासूबाई येतो म्हणाल्यात, त्यांना खुर्ची लागेल.